बॉब बोमन : मनाची तयारी करून घेणारा प्रशिक्षक

अमेरिकेचे नामवंत जलतरण प्रशिक्षक बॉब बोमन (जन्म १९६५) हे मूळचे स्पर्धात्मक जलतरणपटू. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाचे ते १९८५ मध्ये कर्णधार होते. तेथेच त्यांनी विकासात्मक मानसशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे प्रशिक्षणाचा मार्ग धरला.

१९९६ मध्ये बाल्टिमोर येथे ११ वर्षांचा मायकेल फेल्प्स त्यांच्याकडे आला. झोपण्यापूर्वी व उठल्यावर संपूर्ण शर्यत डोळ्यांपुढे आणण्याची सवय बोमन यांनी त्याला लावली. निर्दोष शर्यतीबरोबरच संभाव्य अडचणींचेही चित्र मनात रंगवणे, हे या सरावाचे मर्म होते.

त्याची कसोटी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये लागली. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले व भिंत दिसेनाशी झाली. तरीही न डगमगता, स्ट्रोक मोजत त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदविला. त्या ऑलिंपिकमध्ये त्याने ८ सुवर्णपदके जिंकली.

मात्र शर्यतीसाठी कणखर झालेले मन शर्यत संपल्यावरही कणखर राहतेच असे नाही. ऑलिंपिकनंतर ग्रासणाऱ्या नैराश्याविषयी फेल्प्स पुढे जाहीरपणे बोलला. पदकापलीकडच्या माणसाला सावरणे हेही क्रीडा मानसशास्त्राचे काम आहे, याची जाणीव त्यातून क्रीडाविश्वाला झाली.

बोमन यांचे आणखी एक शिष्य, फ्रान्सचा लिऑन मार्शां याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली. त्याच वर्षी बोमन टेक्सास विद्यापीठात रुजू झाले.