जुनी फिगो, बीट स्वस्तात मिळतेय? पैसे मोजण्याआधी हे तपासा

अहिल्यानगर : घरात म्हातारी माणसं, दवाखान्याची धावपळ, लग्नसराई, पोरांची कॉलेजं. चारचाकी हवी, पण नवीन गाडीचे हप्ते झेपत नाहीत. अशा वेळी एखादा एजंट सांगतो, "फोर्ड फिगो आहे, एक नंबर कंडिशन, स्विफ्टच्या निम्म्या भावात देतो." किंवा गावातलाच कुणी शेवरोलेची बीट काढायला बसलेला असतो.

भाव खरंच कमी असतो. त्याचं कारण असं की या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी भारतातली गाड्यांची विक्री बंद केली आहे. गाडी वाईट म्हणून स्वस्त, असं दरवेळी नसतं. पण स्वस्त मिळाली म्हणून डोळे झाकून घेतली, तर वाचलेले पैसे गॅरेजात आणि आरटीओच्या खेट्यांत जातात. जिल्ह्यात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी ही सविस्तर माहिती.

कंपन्या कधी आल्या, कधी गेल्या?

शेवरोले हा अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचा ब्रँड. पुणे जिल्ह्यातल्या तळेगावला या कंपनीचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. बीट ही छोटी गाडी जानेवारी 2010 मध्ये आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत 3 लाख 34 हजार रुपये होती. 2011 मध्ये तिचं डिझेल मॉडेल आलं. मे 2017 मध्ये कंपनीने भारतात विक्री थांबवण्याची घोषणा केली आणि त्या वर्षाअखेर विक्री बंद झाली. तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

फोर्डची फिगो मार्च 2010 मध्ये 3 लाख 49 हजारांपासून बाजारात आली. 2015 मध्ये नवी फिगो आणि डिकीवाली अस्पायर आली, 2018 मध्ये फ्रीस्टाइल. 9 सप्टेंबर 2021 रोजी फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गुजरातमधला साणंदचा कारखाना नंतर टाटा मोटर्सकडे गेला.

"फोर्ड परत येतंय, आता भाव वाढणार," असं काही एजंट सांगतात. 2024 मध्ये कंपनीने चेन्नईचा कारखाना पुन्हा वापरायचं जाहीर केलं, पण ते निर्यातीसाठी. त्या बोलण्यावर भाव वाढवून देऊ नका.

कोणती गाडी कशी?

बीट : लहान कुटुंबाला आणि गावातल्या अरुंद रस्त्यांना चालते. डिझेल इंजिन 936 सीसीचं, तीन सिलिंडरचं. ॲव्हरेज चांगलं, पण पाच माणसं आणि सामान भरून घाट चढताना दम लागतो. मागची जागाही कमी.

जुनी फिगो (2010 ते 2015) : पेट्रोल 1.2 लिटर, डिझेल 1.4 लिटर. हेच डिझेल इंजिन फोर्डच्या फिएस्टा आणि क्लासिकमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाची माहिती असलेले मेकॅनिक अजून सापडतात. डिझेलला टायमिंग बेल्ट असतो. हा बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून खर्च हिशोबात घ्या. चालू गाडीत बेल्ट तुटला तर इंजिन उघडावं लागतं आणि ते काम परवडत नाही.

नवी फिगो, अस्पायर (2015 नंतर) : 1.5 लिटर डिझेलला 100 पीएसची ताकद आहे. हायवेला आणि घाटाला दमदार. बजेट बसत असेल तर जुन्यापेक्षा ही बरी.

फ्रीस्टाइल : जमिनीपासूनची उंची 190 मिमी. नव्या फिगोची 174 मिमी आहे. वस्तीवर जायला कच्चा रस्ता, चाऱ्या, मुरूम असेल तर हा फरक रोज जाणवतो.

सेल : शेवरोलेच्या सेलमध्ये 1.3 लिटर डिझेल आहे. हे मूळ फियाटचं इंजिन. स्विफ्ट डिझेलमध्येही त्याच घराण्यातलं इंजिन होतं. त्यामुळे इंजिनाचं काम जमणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावाला मिळतो. बॉडीचे पार्ट मात्र वेगळे.

सुरक्षेचंही बघा. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने जुन्या फिगोचं एअरबॅग नसलेलं मॉडेल आपटून तपासलं, तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले. त्याच चाचणीत अल्टो आणि आय-टेनचंही तेच झालं. दोन एअरबॅगवाल्या अस्पायरला 2017 मध्ये तीन स्टार मिळाले. दोन गाड्यांत दहा-वीस हजारांचा फरक असेल तर एअरबॅगवाली घ्या.

पार्ट मिळतात का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेअरिंग असा रोजचा माल बाहेरच्या कंपन्या बनवतात, तो मिळतो. अडचण येते ती हेडलाइट, बंपर, दरवाजा, काच, ईसीएम, चावी आणि एसीच्या सुट्या भागांची. बैलगाडीला घासून हेडलाइट फुटला तरी पार्टसाठी पुण्याच्या नाना पेठेपर्यंत चक्कर पडू शकते. कधी जुन्या गाडीतून काढलेला पार्टच बसवावा लागतो.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी नेहमीच्या मेकॅनिकला विचारा : "ही गाडी तू करतोस का? स्कॅनर आहे का?" तो नाही म्हणाला तर जवळचा कोण करतो ते शोधा. मेकॅनिक 60-70 किलोमीटरवर असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, ती महाग पडणार.

कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या

2013 मध्ये फोर्डने सुमारे 1 लाख 66 हजार फिगो आणि क्लासिक तपासणीसाठी बोलावल्या होत्या. मागच्या चाकांना जोडणारा ट्विस्ट बीम आणि पॉवर स्टीअरिंगचा पाइप यांत दोष असण्याची शक्यता होती. जनरल मोटर्सने 2015 मध्ये बीट, स्पार्क आणि एन्जॉय मिळून सुमारे 1 लाख 55 हजार गाड्या रिमोट चावीच्या यंत्रणेसाठी बोलावल्या. त्याच वर्षी 1 लाखावर बीट डिझेल क्लच पेडलच्या लिव्हरसाठी बोलावल्या.

घेताय ती गाडी त्यात होती का आणि काम झालं का, हे सर्व्हिस बुकात बघा. बुक नसेल तर मेकॅनिककडून नेमके हेच भाग तपासून घ्या.

पंधरा वर्षांचा हिशोब

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षं चालते. म्हणजे 2010 ची फिगो-बीट 2025 मध्येच मुदत संपवून बसली. 2011 आणि 2012 च्या गाड्या त्याच रांगेत आहेत. मुदत संपली म्हणजे गाडी भंगारात गेली असं नाही. आरटीओत तपासणी करून पुढच्या 5 वर्षांसाठी नूतनीकरण होतं. पण 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. त्यात पर्यावरण कर आणि तपासणीआधी करावी लागणारी दुरुस्ती धरा.

मुदत संपलेली आरसी असलेली गाडी कुणी "नंतर करून घ्या" म्हणून देत असेल तर नूतनीकरण मालकाकडूनच करून घ्या, नाहीतर तेवढे पैसे भावातून कमी करा.

दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी

दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. त्या दिसायला चकाचक आणि भावाला स्वस्त असतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म 28) हातात नसेल तर ती गाडी इथे नावावर होत नाही. एमएच 16 (अहिल्यानगर) किंवा एमएच 17 (श्रीरामपूर) नंबर घ्यायचा तर महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे. हा सगळा खर्च जोडून मगच भाव ठरवा.

मोबाइलवर काय बघायचं?

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाइटवर तो टाकला की नोंदणीची तारीख, मुदत, इंधन, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद दिसते. थकलेले ई-चलनही ऑनलाइन बघता येते.

- बोजा : सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असतो. "कर्ज फिटलंय" हे तोंडी ऐकू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मागा. बोजा उतरल्याशिवाय गाडी मोकळी नाही.
- चेसिस आणि इंजिन नंबर : आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवून बघा. खाडाखोड दिसली तर तिथूनच माघारी फिरा.
- मालक : आरसीवरचा मालक समोर हवा. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते (फॉर्म 31).
- गॅस किट : सीएनजी किंवा एलपीजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. नसेल तर अपघातानंतर विम्याला अडचण येते.
- नंबर प्लेट : 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी प्लेट बंधनकारक आहे. बसवली आहे का बघा.

गाडी कशी तपासायची?

सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधीच चालू करून ठेवलेली गाडी असेल तर बंद करायला लावा, थंड होऊ द्या. स्टार्ट केल्यावर धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर निघतच राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर गाडी घेऊ नका.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिका. 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 2021 मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. कार्पेट उचलून खाली गाळ आहे का बघा, सीटच्या पट्टीला गंज आहे का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला मातीची रेघ आहे का, आत कुबट वास येतो का.

मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नका, मीटर मागे फिरवता येतं. 60 हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडल झिजून गुळगुळीत नसतं. जुनी सर्व्हिस बिलं आणि पीयूसी, त्यावरच्या तारखा बघा.

चाचणी चांगल्या रस्त्यावर नको. खड्ड्यातून न्या, चढावर थांबवून पुन्हा उचला, एसी लावून ट्रॅफिकमध्ये पाच-दहा मिनिटं उभी करा आणि टेंपरेचरचा काटा बघा. मेकॅनिक स्वतःचा न्या. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत.

पेट्रोलमधलं इथेनॉल

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरची. आता उसापासून बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवल्या आहेत, त्याआधी बंद झालेल्या बीट-फिगो नाहीत. पेट्रोल मॉडेल घेत असाल तर इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट कडक झालेत का, गळतात का, हे तपासून घ्या. ॲव्हरेज जुन्या दाव्यापेक्षा थोडं कमी धरा.

बजेटची वाटणी

2 लाख हातात असतील तर 2 लाखांची गाडी बघू नका. साधारण दीड लाख ते 1 लाख 60 हजारांपर्यंतची बघा. उरलेले नाव बदल, विमा, टायर, बॅटरी, बेल्ट आणि पहिल्या सर्व्हिसला ठेवा. कर्ज काढायचं असेल तर लक्षात ठेवा, जुन्या गाडीला व्याजदर जास्त असतो. आणि ही गाडी पुन्हा विकायला काढली तर गिऱ्हाईक कमीच मिळणार. पाच-सात वर्षं वापरायची तयारी असेल तरच घ्या.

नावावर करून घेणं सगळ्यात महत्त्वाचं

गावाकडे गाडी स्टॅम्प पेपरवर विकली जाते आणि वर्षानुवर्षं जुन्याच नावावर चालते. इथेच दोघंही अडकतात.

6 फेब्रुवारी 2018 रोजी सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती, आरटीओत नाव मात्र पहिल्याचंच होतं. अपघातात एका मुलाचा जीव गेला. कोर्टाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे गाडी विकून पैसे संपले तरी विकणाऱ्याच्या दारात नोटीस येऊ शकते. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं : विमा दुसऱ्याच्या नावावर असला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

म्हणून व्यवहाराच्या दिवशीच फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करायला 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

पैसे शक्यतो बँकेतून द्या. इसार दिला तर पावती घ्या, त्यावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि "नाव बदल होईपर्यंत उरलेली रक्कम बाकी" असं स्पष्ट लिहा. थोडी रक्कम हातात राखून ठेवली की विकणाराही आरटीओत सहीला वेळेवर येतो.

विकणाऱ्यांनी काय करावं? ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून सही घ्या, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी ॲपवर आपला नंबर टाकून बघा. नाव बदललेलं दिसलं की मगच गाडी खऱ्या अर्थाने विकली गेली.