इथिलीन म्हणजे काय? ड्रिपच्या नळीपासून चार्जरच्या वायरपर्यंत पोचणारा वायू

गेवराई तालुक्यात कापूस, ऊस किंवा मोसंबीच्या रानात गेलात तर काळी ड्रिपची नळी हमखास दिसते. मल्चिंग पेपर, शेततळ्यात अंथरलेला जाड कागद, मोटारीचा पीव्हीसी पाइप, शिवाय तुमच्या चार्जरच्या वायरचं आवरण (तेही बऱ्याचदा पीव्हीसीचंच असतं), या सगळ्यांच्या मुळाशी एकच वायू आहे, इथिलीन. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी एक आणि तिच्यावर चालणारी ॲप हजारो.

इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन आणि चार हायड्रोजन असतात. दोन कार्बनमधला दुहेरी बंध उघडला की एक रेणू दुसऱ्याला जोडला जातो, दुसरा तिसऱ्याला, आणि हजारो रेणूंची साखळी तयार होते. तेच पॉलिथिन. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत ते जवळजवळ अपघातानेच सापडलं. पुढे १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली कडक पॉलिथिन बनवण्याची पद्धत शोधली आणि १९६३ चं नोबेल त्यांना जूलिओ नाट्टा यांच्यासोबत मिळालं.

आता हा वायू बनतो कसा? नॅफ्था (कच्च्या तेलातून निघणारा हलका भाग) किंवा इथेन वाफेसोबत साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापलेल्या नळ्यांमधून सेकंदापेक्षा कमी वेळात पळवतात आणि लगेच थंड करतात. थंड करायला उशीर झाला तर माल भलत्याच पदार्थांत बदलतो. या यंत्रणेला क्रॅकर म्हणतात. इथेन वापरलं तर वजनाच्या जवळपास ८० टक्के इथिलीन मिळतं, नॅफ्थापासून ३० टक्क्यांच्या आसपास.

आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्याला असा क्रॅकर आहे. मुळात तो आयपीसीएल या सरकारी कंपनीचा. २००२ मध्ये कंपनीची सूत्रं रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्येच विलीन झाली. आता अमेरिकेतून जहाजाने दहेजला येणारं इथेन पाइपलाइनने नागोठण्यापर्यंत आणता येतं. इथेनच का आणतात, तयार इथिलीन का नाही? इथिलीन द्रवरूपात ठेवायला उणे १०४ अंशांपर्यंत थंडी लागते, म्हणून बहुतेक कारखाने ते जागच्या जागीच प्लास्टिकमध्ये बदलतात आणि दाणे विकतात.

जगात दरवर्षी १५ कोटी टनांहून जास्त इथिलीन बनतं. यातला मोठा भाग पॉलिथिनमध्ये जातो. बाकीच्यातून पीव्हीसी, पाण्याच्या बाटलीचं पेट, पॉलिस्टर कापड. म्हणजे कापसाचा स्पर्धकसुद्धा इथूनच येतो! कच्चं तेल किंवा डॉलर वर गेला की दाण्याचा भाव हलतो, मग पाइपचा. त्यातून भारताला लागणाऱ्या पीव्हीसीचा निम्म्याहून जास्त भाग आयात होतो. त्यामुळे दुकानदार "आज भाव वाढला" म्हणाला तर दरवेळी तो थापा मारतोय असं नाही.

पण स्वस्त नळी का स्वस्त आहे, हे विचारायलाच हवं. चांगल्या नळीत दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवतं आणि नळी काळी दिसते ती त्यामुळेच. हलक्या प्रतीचा भंगार माल वितळवून केलेली नळीही तितकीच काळी दिसते, पण मराठवाड्याच्या उन्हात लवकर तडकते. डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून ड्रिपच्या साध्या नळीवर आयएस १२७८६, आत ड्रिपर बसवलेल्या नळीवर आयएस १३४८८ आणि पीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ हा आकडा बघा. सोबत छापलेला सीएम/एल नंबर फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा आणि चालू आहे का, ते कळतं. घरच्यांना हे दोन मिनिटांचं काम तुम्हीच करून देऊ शकता.

जाता जाता, इथिलीन झाडंही बनवतात. फळ पिकतं ते त्याच्यामुळे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी आहे, इथिलीन वायूला मात्र ठरावीक मर्यादेत परवानगी आहे.

जुन्या नळ्या बांधावर पेटवू नका. पॉलिथिनची नळी भंगारवाला घेतो. पीव्हीसी त्यात मिसळू नका, त्रिकोणातल्या ३ या आकड्यावरून ते ओळखता येतं. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, आणि ते जळताना डोळे-घसा जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.