आवाजाची ओळख आणि नरिमन हाऊस

नरिमन हाऊसचे नाव निघाले की आजही आपल्या घराघरांतील वडीलधारी मंडळी गप्प होतात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे बळी पडली. कुलाब्याच्या त्या इमारतीत रब्बी गव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिवका व आणखी चौघे मारले गेले. हल्ला चालू असताना पाकिस्तानातील सूत्रधार फोनवरून हुकूम सोडीत होते आणि इकडे ते बोलणे ध्वनिमुद्रित होत होते. चेहरे दिसत नव्हते. हाती आले ते केवळ आवाज.

त्यांतला एकजण बोलण्याच्या ओघात ‘प्रशासन’ हा शब्द वापरून गेला. पाकिस्तानी मनुष्य ‘इंतजामिया’ म्हणाला असता. यावरून बोलणारा भारतीय असावा असा तर्क निघाला. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून भारतात आणलेला झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल हाच तो, असा पोलिसांचा आरोप. हा इसम बीड जिल्ह्यातला, आणि ‘प्रशासन’ हा तर आपल्या मराठीतलाही रोजचाच शब्द! बोलीवरून गाव ओळखणे आपल्या लोकांना नवे नाही. दोन वाक्ये ऐकली की अलिबागकडचा कोण आणि मुंबईचा कोण, हे आपल्या आजीबाई सांगत.

पण न्यायालयाला एवढे पुरत नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ मध्ये बोटांच्या ठशांप्रमाणे ‘आवाजाचा ठसा’ असतो असे मांडले. ही तुलना फसवी होती. बोटाचा ठसा जन्मभर तोच राहतो; आवाज मात्र सर्दीने, भीतीने, वयाने बदलतो, आणि साधा टेलिफोन त्यातले सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच पुढे पाठवतो. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या पद्धतीबाबत सावधगिरीचा इशारा दिला. म्हणून जाणते तज्ज्ञ आता ‘हा तोच’ असे छातीठोकपणे न सांगता पुरावा कोणत्या बाजूला किती झुकतो एवढेच सांगतात.

शिवाय तुलनेला आरोपीचा नमुना हवा. भारतात दंडाधिकारी तसा हुकूम देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. पाकिस्तानात झकीउर रहमान लखवीच्या आवाजाचा नमुना मिळावा ही मागणी इस्लामाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये फेटाळली. पुढच्याच महिन्यात डेव्हिड हेडली याने अमेरिकेतून मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष देताना त्या ध्वनिफिती ऐकल्या आणि साजिद मीर व इतरांचे आवाज ओळखले. त्याला यंत्र लागले नाही. तो त्यांच्यात वावरलेला होता.