साचा कुणाकडे आहे?

गाडीला पोचा पडला की आपण डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो. तो पत्रा ठोकून सरळ करतो, पुट्टी भरतो, घासतो, रंग मारतो. पत्रा ठोकण्यापलीकडे गेला असेल तर नवीन भाग मागवतो. पण कंपनीने तो भाग बनवणंच बंद केलं असेल तर? या प्रश्नामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एका साध्या गोष्टीभोवती फिरतो : साचा कुणाकडे आहे?

मोटारी नवीन होत्या तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. इंजिन आणि सांगाडा कारखान्यात व्हायचा, वरची बॉडी घोडागाड्या बनवणारे कारागीरच बनवायचे. लाकडी चौकट, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा. एकाने ठोकलेला भाग दुसराही ठोकू शकायचा. हे बदललं फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्यात. तिथे पोलादी पत्रा जंगी प्रेसखाली दाबून बॉडीचे भाग बनू लागले, आणि १९१४ पासून डॉज कंपनीच्या गाड्यांना अशा संपूर्ण पोलादी बॉडी मिळाल्या. गाड्या मजबूत झाल्या, भराभर बनू लागल्या. पण आता प्रत्येक भागाचा आकार पोलादी डायमध्ये बंद झाला. एक डाय बनवायला अमाप पैसा लागतो, तो वसूल व्हायला हजारो भाग विकावे लागतात. तुमच्या घरच्या एका मडगार्डसाठी कुणी डाय बनवत नाही.

साचा परत घरात आणला काचेने. अमेरिकेत १९३०च्या दशकात काचेचे बारीक धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत सापडली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिनही आलं. दोन्ही एकत्र केले की बनतं ते आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो ते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या होड्या बनू लागल्या. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा होड्या बनवणारा माणूस होता. त्याच्या एका लष्करी अधिकारी मित्राला आपल्या जीपच्या सांगाड्यावर बसवायला देखणी बॉडी हवी होती. ट्रिटने ती १९५१ मध्ये फायबरची करून दिली. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, जनरल मोटर्सने फायबर बॉडीची कॉर्व्हेट आणली. पहिल्या वर्षी ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, बऱ्याचशा हातानेच जोडलेल्या. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी पोलादी डाय परवडल्या नसत्या.

फायबरला ना प्रेस लागतो, ना भट्टी. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते साध्या हवेतच घट्ट होतं. साचा असला की झालं. पेणला गणपतीचा कारखाना पाहिला असेल तर हे लगेच कळेल. एक मूळ मूर्ती, तिच्यावरून रबराचा साचा, आणि त्यातून हव्या तितक्या मूर्ती. गाडीच्या भागाचंही तसंच. फक्त मूळ मूर्तीच्या जागी कुणाच्या तरी गाडीवरचा शाबूत पत्रा असतो.

आता आपल्याकडे येऊ. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सुचवलं की गाड्या नुसत्या जोडणाऱ्यांनी नव्हे, इथेच बनवणाऱ्यांनी भारतात राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. राहिलेल्यांत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, कारखाना कुर्ल्याला. तिने फियाट ११०० इथे बनवली. १९६४ मध्ये आलेलं तिचं रूप पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने विकलं गेलं आणि थेट २०००च्या सुमारापर्यंत चाललं. छत्तीस वर्षांत जाळी बदलली, दिवे बदलले, पण बॉडीचा मूळ आकार जवळपास तोच राहिला. ग्राहकाच्या दृष्टीने हा कंटाळाच होता. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र चैन होती, कारण एका गाडीचा पत्रा दुसरीला बसायचा. मुंबईत तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच पद्मिनी. एक मोडीत निघाली की तिचे भाग दुसरीला मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि तो झराही आटला.

आमच्याकडे चिपळूणला आजोबांनी घेतलेली १९८८ची पद्मिनी आहे. कोकणातला पाऊस आणि मडगार्डच्या आत साचणारा चिखल, त्यामुळे उजव्या मडगार्डचा दारापुढचा खालचा कोपरा गंजून गळून पडला. बाबा म्हणाले, "विकून टाकू. भंगारवाला देईल ते घेऊ." मी पुण्यात दिवसभर कोड लिहितो, कॉपी-पेस्ट हा माझा धर्मच. डावा कोपरा शाबूत होता. पण साचा डाव्या भागाचा घेतला तर त्यातून डावाच भाग निघतो. मला हवी होती उजव्याची नक्कल, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी पद्मिनी.

सांगलीचे एक काका तयार झाले. त्यांच्या चकचकीत रंगावर मी रेझिन लावणार होतो, त्यामुळे ते खुर्ची टाकून शेजारीच बसले. मेणाचे पाच थर, प्रत्येक थर पुसून. त्यावर साचा सुटून यावा म्हणून लावतात तो पीव्हीएचा पातळ पडदा. मग जेलकोट, तो बोटाला जरा चिकट लागेपर्यंत थांबणं, आणि वर काचेच्या मॅटचे चार थर. हार्डनरचं प्रमाण साधारण शंभराला दीड. प्रत्येक थरातली हवा रोलरने बाहेर काढायची. चाकाच्या कमानीची कड आत वळलेली असते, अख्खा साचा तिथे अडकतो. म्हणून तो दोन तुकड्यांत केला. दुसऱ्या दिवशी तो टक् आवाज करून सुटला. काकांनी आधी स्वतःच्या रंगावरून हात फिरवला, मग म्हणाले, "आता चहा घेऊ."

घरी त्याच साच्यातून कोपरा काढला, गंजका पत्रा कापून, कडा चांगल्या धातूपर्यंत घासून मागच्या बाजूने मॅटने जोडला. हे करायचं असेल तर दोन गोष्टी पाळाच. रेझिनच्या वाफा आणि घासताना उडणारी काचेची धूळ यांच्यासाठी योग्य मास्क, हातमोजे, चष्मा हवाच. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि रेझिन कोबाल्ट आधीच घातलेलं घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. शिवाय हा इलाज फक्त बाहेरच्या पत्र्याचा. दाराखालचा पट्टा, तळ, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, हे भाग धडकेचा भार सोसतात. ते वेल्डिंगवाल्याचंच काम.

"पण हे कंपनीच्या डिझाइनची चोरी नाही का?" असं एका मित्राने विचारलं. भारतात नोंदवलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. पद्मिनीचा आकार त्यापेक्षा कितीतरी जुना आहे. आपण आज घेतो त्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बंपरमध्ये सेन्सर असतात, दिव्यांमध्ये चिप असते, आणि त्या चिपवरचा कोड माझ्यासारखेच लोक लिहितात. आकाराची नक्कल घरी होईल, त्या कोडची होणार नाही. तीस वर्षांनी या गाड्यांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या धंद्याने आजच स्वतःला विचारायला हवा.

साच्याचे दोन्ही तुकडे माळ्यावर आहेत. गेल्या महिन्यात रत्नागिरीहून एकाचा फोन आला. उजवाच कोपरा, तसाच गंजलेला. बाबांनीच त्याला सांगितलं, "भंगारात देऊ नका हो. साचा आहे आमच्याकडे, येऊन घेऊन जा."