चार अंशांचा वाद: अयनांश मोजायचा की ठरवायचा?

२०२३ साली महाराष्ट्रात बहुतेक घरांत गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग मानणाऱ्या काही घरांत मात्र ते २० ऑगस्टलाच बसले होते. गंमत म्हणजे गणित कोणाचंच चुकलेलं नव्हतं. मग एक महिना आला कुठून? संशोधनाची तयारी करत असाल तर हे कोडं सोडवून बघाच.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. ग्रहाचं स्थान सांगायचं म्हणजे कुठल्या तरी बिंदूपासून अंश मोजायचे. सायन पद्धतीत तो बिंदू म्हणजे वसंतसंपात. पण संपात ताऱ्यांच्या तुलनेत दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. आपली पंचांगं निरयन, म्हणजे त्यांचा आरंभबिंदू ताऱ्यांमध्ये स्थिर धरलेला. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे अयनांश. संपात कुठे आहे हे निरीक्षणातून कळतं. स्थिर बिंदू कुठे आहे, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

महाराष्ट्रात पंचांगं बराच काळ गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' (१५२०) या ग्रंथावरून होत. त्यातला नियम सोपा आहे: शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, आले अयनांश. पण शतकं गेली तशी ग्रहांची गणितानं येणारी आणि प्रत्यक्ष दिसणारी स्थानं जुळेनाशी झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) तयार केली आणि १८६५ पासून नवं, पटवर्धनी पंचांग सुरू झालं. पुढे त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनीही याच पक्षाला बळ दिलं.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते: जुनं चुकीचं, नवं बरोबर. पण छत्र्यांनी एकाच वेळी दोन बदल केले होते. ग्रहांची गती सुधारली, आणि आरंभबिंदूही बदलला. रेवती नक्षत्रातला झीटा पिशियम हा तारा त्यांनी शून्यावर धरला.

आता आकडे स्वतः काढून बघा. १८६५ म्हणजे शके १७८७. ग्रहलाघवाच्या नियमाने अयनांश येतात २२ अंश २३ कला. रेवतीच्या ताऱ्यावरून येतात सुमारे १८ अंश. आणि चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर आहे असं धरलं, तर येतात सुमारे २२. व्यंकटेश बापूजी केतकरांनी पुरस्कारलेला चित्रापक्ष तो हाच.

म्हणजे गणित आधुनिक ठेवूनही प्रचलित परंपरेपासून फारसं दूर न जाण्याची वाट होती. त्यामुळे पटवर्धनी पंचांगाला झालेला सगळा विरोध 'शास्त्राला विरोध' म्हणून नोंदवलात, तर इतिहास अर्धाच हाती लागेल. दृक्प्रत्यय दोन्ही पक्षांना हवा होता. भांडण शून्याचं होतं.

मग जुने ग्रंथ काय म्हणतात? सूर्यसिद्धान्त रेवतीला ३५९ अंश ५० कला देतो आणि चित्रेला १८० अंश. आकाशात मात्र या दोन ताऱ्यांच्या भोगांत सुमारे १८४ अंशांचं अंतर आहे. एक धरा, दुसरा सुटतो. ब्रह्मगुप्त तर चित्रेला १८३ अंश देतो. एकाच परंपरेतून दोन्ही पक्षांना आधार मिळतो, तो असा.

आता पुन्हा २०२३ कडे या. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक मास. चित्रापक्षाप्रमाणे १६ ऑगस्टला अमावास्या संपली आणि सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला. संक्रांत हुकली, म्हणून तो महिना अधिक श्रावण झाला. टिळक पंचांगात अयनांश चार अंशांनी कमी, त्यामुळे संक्रांत चारेक दिवस आधीच, अमावास्येच्या आत, झाली. अधिक मास पडलाच नाही. चार अंशांचा महिना झाला तो इथे.

स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या १९५५ च्या अहवालानुसार २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरले गेले. हा आकडा चित्रापक्षाचा. आज संगणकावर 'लाहिरी' या नावाने जो पर्याय दिसतो तो याच परंपरेतला. लाहिरी हे समितीचे सचिव होते. पण या निर्णयाने रेवतीपक्ष खोटा ठरला नाही. समितीने एक संकेत निवडला, एवढंच.

तुमच्या कामासाठी यात एक सवय आहे. कुठलाही वैज्ञानिक वाद वाचायला घेतलात की दोन रकाने करा: यातलं निरीक्षणाने काय सुटतं, आणि काय सर्वांनी मिळून ठरवावं लागतं? पहिल्या रकान्यात पुरावा शोधा. दुसऱ्यात शोधायचं ते हे, की कोणी, कधी आणि कशासाठी ठरवलं. आणि जुन्या पत्रिकेतली ग्रहस्थिती तपासत असाल, तर कोणता अयनांश घेतला ते वहीत पहिल्याच ओळीत लिहा. नाहीतर चार अंशांचा फरक दिसेल आणि तुम्ही बिचाऱ्या जुन्या गणकाच्या चुका शोधत बसाल.