स्टार्टर चिकटला की पेशीचं काय होतं?

आजचा विषय माझ्या इंदापूरच्या मामांमुळे सुचला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरल्यावर बारामतीत त्यांचा एक रिपोर्ट हातात पडला: 'केआरएएस म्युटेटेड'. मामा म्हणाले, "म्हंजे काय रं? चांगलं का वाईट?" मला सांगता येईना. मग वाचत बसलो, आणि गोष्ट पार उंदराच्या पिल्लांपर्यंत गेली.

अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेच्या कितीतरी आधी उघडले. अर्कात पेशींना 'वाढा' असं सांगणारं प्रथिन होतं, ईजीएफ. असा हा ग्रोथ फॅक्टर. 1986 साली या कामासाठी कोहेन आणि रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे घरी बसून मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू करतात ना, तसंच पेशीचं. ईजीएफ म्हणजे कॉल. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर म्हणजे सिमकार्ड. आतलं केआरएएस हे प्रथिन म्हणजे स्टार्टर. त्याच्या जनुकात बिघाड झाला, की स्टार्टर चिकटतो आणि मोटार बंदच होत नाही. या कॅन्सरच्या दहातल्या साधारण चार पेशंटना हा बिघाड असतो.

पुढचा धागा टिश्यू कल्चरचा, म्हणजे काचपात्रात पेशी वाढवण्याचा. भारतात हे तंत्र रुजवलं पुण्याच्या कमल रणदिवे यांनी. एमएस्सीला त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पती! पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून (नाव खरंच तसंच आहे, हसू नका) त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये लॅब उभारली. काचपात्रातल्या पेशींना सीरम लागतं, कारण त्यात ग्रोथ फॅक्टर असतात. कॅन्सरच्या पेशी मात्र थोडक्या सीरमवरही वाढतात. का? 1980 साली स्पॉर्न आणि टोडारो यांनी मांडलं, की त्या स्वतःच ग्रोथ फॅक्टर बनवतात. आपलाच कॉल, आपल्याच नंबरवर.

चिकटलेला स्टार्टर नेमकं हेच करतो. निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि ग्रोथ फॅक्टर बनवणारी जनुकं चालू होतात. त्यातला एक व्हीईजीएफ, रक्तवाहिन्यांना गाठीकडे ओढणारा. उजनीच्या बॅकवॉटरवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकावी, तसा. गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, हे ज्यूडा फोकमन 1971 पासून सांगत होते.

2004 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत दोन औषधांना मंजुरी मिळाली. बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला अडवतं, म्हणजे पाइपलाइन तोडतं. केमोसोबत ते दिल्यावर पेशंट जगण्याचा काळ साधारण 15.6 महिन्यांवरून 20.3 वर गेला. पाच महिने कमी की जास्त, ते ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा. दुसरं सेटुक्सिमॅब, रिसेप्टरवर बसणारं. पण 2008 च्या सुमारास स्पष्ट झालं, की केआरएएस बिघडलेल्यांना त्याचा उपयोग नाही. सिमकार्ड काढलं तरी चिकटलेला स्टार्टर सुटत नाही.

आणि मामी त्याच इंजेक्शनसाठी उसाच्या बिलाची वाट बघत होती. केआरएएसच्या एका ठरावीक बिघाडावर आता औषध आहे, पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो मोजक्याच पेशंटना असतो. मामांचा तो नव्हता.

त्यांना हे सगळं मोटारीच्याच भाषेत सांगितलं. ते म्हणाले, "मग ते इंजेक्शन नगं. पाइप तोडणारं इचार." डॉक्टरांनी केमोसोबत तेच सुरू केलं. उसाचं बिल त्याला गेलं.