पुलावरची वर्दळ

जपानी मुद्राचित्रांत पूल इतक्या वेळा भेटतो की तो जुन्या चित्रपरंपरेतूनच आपसूक उतरला असावा, असं वाटतं. या समजाला आधारही आहे. ‘इसे मोनोगातारी’ या प्राचीन कथाग्रंथातला मिकावा प्रांतातला यात्सुहाशी पूल चित्रकारांनी पुन्हापुन्हा रंगवला. पण ओगाता कोरिनने १८व्या शतकाच्या आरंभी रंगवलेले घडीचे पडदे पाहा: सोनेरी पार्श्वभूमी, निळी आयरिसची फुलं, वाकडीतिकडी गेलेली फळ्यांची वाट, आणि माणूस एकही नाही. १८३४च्या सुमारास मुद्राचित्रकार होकुसाईने पुलांच्या मालिकेत हाच यात्सुहाशी घेतला, तेव्हा त्यावर वाटसरूंची रीघ लावली. मुद्राचित्रातल्या पुलाचं कूळ मला या रिघेत सापडतं. जुन्या काव्याने त्याला नाव दिलं. जीव ओतला तो एदो शहराने, म्हणजे आजच्या टोकियोने.

सुमिदा नदीवर पूल बांधायला शोगुनांची राजवट नाखूश असे, कारण शत्रूलाही तीच वाट मिळाली असती. १६५७च्या मेइरेकी आगीत पळणारे लोक नदीकाठी अडकून मेले, आणि मग काही वर्षांतच र्योगोकु पूल उभा राहिला. आग पसरू नये म्हणून त्याच्या तोंडाशी जागा मोकळी सोडली होती. तिथे चहाची दुकानं आणि खेळांचे मांडव आले, उन्हाळ्यात नदीवर आतषबाजी होऊ लागली. मुद्राचित्रं विकत घेणारा माणूस याच गर्दीतला होता. मुद्राचित्रकार हिरोशिगेची तोकाइदो या महामार्गावरची मालिकाही एदोतल्या निहोनबाशी पुलापासूनच निघते: कमानीवरून सरदाराचा लवाजमा वर येतो आहे, आणि अलीकडे मासळीवाले आपला माल घेऊन निघालेत.

कुणी म्हणेल, ही सारी किमया पाश्चात्त्य यथादर्शनाची. खोली दाखवायला पूल सोयीचा. १७४०च्या दशकातल्या यथादर्शनी चित्रांपुरतं ते मला मान्य आहे. पण १८५७मध्ये हिरोशिगेने शिन-ओहाशी पुलावरची अवचित सर छापली, तेव्हा पूल उंचावरून, तिरका दाखवला. पावसाच्या बारीक रेघा लाकडात उठावाने कोरल्या आणि दोन ठशांनी वेगवेगळ्या तिरकसपणे छापल्या. त्या रेघांखाली कुणी छत्रीत दाटीवाटीने चाललंय, कुणी डोक्यावर चटई धरून पळतंय, आणि खाली नदीत एक नावाडी ओंडक्यांचा तराफा एकटाच हाकतो आहे.